चांदीचा फाळ आणि आहेराची वही

तुळशीचं लग्न लागलं की गावात दोन माणसांना बसायला सवड नसते. एक मांडववाला आणि दुसरा आमच्या खात्याचा माणूस. मांडववाल्याला तारखा पुरत नाहीत आणि आम्हाला हरभरा-गव्हाच्या पेरण्या, बीजप्रक्रिया, कांद्याची रोपं यातून उसंत मिळत नाही. पण हल्ली गावात गेलं की पिकाचं कमी आणि लग्नाचंच जास्त ऐकायला मिळतं. ‘साहेब, तुमचं सगळं पटतंय, पण आधी पोरीचं उरकू द्या,’ असं म्हणून शेतकरी उठतो, आणि माझी बियाण्याला चोळायची पुडी तशीच ओट्यावर राहते.

मागच्या वर्षी अशाच एका गावात ग्रामसभा होती. माझा विषय जमीन आरोग्य पत्रिकेचा. पण सरपंच म्हणाले, ‘लग्नाच्या खर्चावर दोन शब्द बोला, आमचं कुणी ऐकत नाही.’ हातात माइक आलेला. मी अर्धा तास बोललो. अति तेथे माती, अंथरूण पाहून पाय पसरावे, ऋण काढून सण करू नये, शाळेत पाठ केलेल्या सगळ्या म्हणी बाहेर काढल्या. युरियाचंही उदाहरण दिलं. जास्त टाकला की ऊस काळाभोर दिसतो आणि पहिल्या वादळात लोळतो, तसंच संसाराचं, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. मग खांबाला टेकून बसलेले एक म्हातारबा उठले आणि म्हणाले, “सायेब, तुमच्या लग्नात पंगती किती उठल्या?”

खोटं कशाला सांगू? नऊ उठल्या होत्या. तेवढं मी सांगितलं. वरातीला डीजे होता आणि त्याचे पैसे वडिलांनी सोसायटीच्या पीककर्जातून दिले होते, हे मात्र तिथं बोललो नाही. ते आज लिहितो आहे.

“मंजी आमच्या पणज्याला बी असाच कुणीतरी सायेब गाठ पडला आसंल,” म्हातारबा म्हणाले आणि खाली बसले. सभा हसली, मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून सवडीनं जुनी गॅझेटियरं आणि इतिहासाची पुस्तकं चाळली. तेव्हा कळलं की म्हातारबा गमतीत खरं बोलून गेले होते. साहेब खरोखरच आला होता. एकटा नव्हे, अख्खं कमिशन आलं होतं. आणि त्या कमिशनचं म्हणणं मी माइकवर सांगितलं त्याच्या उलट होतं.

गोष्ट सुप्याची. आज हे गाव बारामती तालुक्यात आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांतली रयत जमली आणि सावकारांच्या दुकानांवर गेली. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे आणि खतावण्या काढून रस्त्यात जाळल्या गेल्या. काही ठिकाणी धान्याची दुकानं लुटली, घरंही पेटली. पण कागद हाती आले की बहुतेक गावांत लोक माघारी वळत. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तिसाहून अधिक गावांत हे लोण पसरलं. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

हे अचानक कसं झालं? त्यासाठी चौदा वर्षं मागं जायला पाहिजे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. १८६२ साली ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी बहुतेक कापूस हिंदुस्थानातून जात होता. भाव भडकले. सावकारांच्या हातात पैसा खुळखुळू लागला आणि तो त्यांनी रयतेच्या दारात आणून ओतला. कापूस लावला की एकरी शंभर रुपये उचल! त्या काळचे शंभर रुपये, बरं का. बैलजोडीसाठी ज्याला पूर्वी दहा हेलपाटे घालावे लागत, त्याला आता सावकारच गाठून विचारत होता, ‘पाटील, आणखी किती देऊ?’

याच काळातलं एक वर्णन पुस्तकांत सापडतं. कापसाच्या पैशानं शेतकरी इतका चढला की काही ठिकाणी नांगराला चांदीचे फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसल्या, असं इंग्रजांनी लिहून ठेवलं आहे. वाचायला मजा वाटते. पण मी शेतकीची पदविका घेतलेला माणूस आहे, आणि माझं डोकं लगेच शेतात गेलं. काळ्या रानात चांदीचा फाळ एक तास तरी टिकेल का? चांदी मऊ. पहिल्याच ढेकळाला फाळ वाकायचा. कुणी बैलपोळ्याला मिरवायला केला असेल तर केला असेल, किंवा सणापुरता पत्रा ठोकला असेल. पण सगळा मुलूख चांदीनं नांगरत होता असं चित्र ज्यांच्या डोक्यात बसलं, त्यांनी नांगर बहुधा लांबूनच पाहिला असावा.

खरी उधळण त्या वेळी मुंबईत चालली होती. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, रोज उगवणाऱ्या बँका आणि त्यांचे आकाशाला भिडलेले शेअर. १८६५ साली अमेरिकेतलं युद्ध थांबलं आणि हा फुगा फुटला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याला लोकांनी ‘शेअरचं वेड’ म्हटलं. वेड म्हटलं की माणूस सुटतो. रयतेच्या वाट्याला मात्र ‘उधळपट्टी’ हा शब्द आला.

कापसाचे भाव कोसळताच सावकारांनी हात आखडला आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली. त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपली, फेरआकारणी झाली आणि इंदापूरसारख्या भागात सारा एकदम चढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोख्याला तीन वर्षांचीच मुदत ठेवलेली. हेतू रयतेच्या भल्याचा होता, व्याजावर व्याज साठू नये म्हणून. घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचा आणि नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा हे केवढं मोठं पीक आहे, ते त्या काळात सावकाराला पुरतं कळलं होतं.

दंग्यानंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७६ साली तयार झाला. कुणबी लग्नात पैसा उडवतो म्हणून कर्जात बुडतो, असं कित्येक इंग्रज अधिकारी त्यापूर्वी लिहीत आले होते. आयोगानं ते तपासलं आणि स्पष्ट म्हटलं की या कारणाला नको तेवढं महत्त्व दिलं गेलं आहे. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानानं जास्त असतो, हे खरं. पण लग्न काही दरवर्षी येत नाही. कर्जाचं मूळ शोधत गेलं तर तिथं लग्न क्वचितच सापडतं. रयत बुडते ती पोटाला धान्य, बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा घेतलेल्या लहानसहान उचलींमुळं. नगर जिल्ह्यात पाहणी केलेल्या गावांत सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात अडकलेले निघाले, आणि त्यांचं कर्ज सरासरी त्यांच्या साऱ्याच्या अठरा पट होतं. पुढं १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला तो या सगळ्यातून.

वाचकहो, हे वाचून माझ्या माइकवरच्या भाषणाची मला लाज वाटली. दीडशे वर्षांपूर्वी खोडून काढलेलं निदान मी नव्या पाकिटात घालून वाटत होतो.

उधळपट्टी हा शब्द नेहमी वरून खाली येतो, हे तेव्हापासून माझ्या लक्षात यायला लागलं. जुन्या रोममध्ये इसवी सनापूर्वी २१५ साली, हॅनिबलशी लढाई चालू असताना, बायकांनी सोनं किती बाळगावं आणि रंगीत वस्त्र नेसावं की नाही यावर कायदा झाला. वीस वर्षांनी बायका रस्त्यावर उतरल्या आणि तो रद्द करवून घेतला. नंतर मेजवानीत पाहुणे किती आणि खर्च किती यावरही तिथं कायदे झाले, पुन्हा पुन्हा झाले. पुन्हा पुन्हा करावे लागले याचा अर्थ कुणी पाळत नव्हतं! जपानात सरदारांच्या राज्यात शेतकऱ्यानं सुती आणि तागाचंच वापरायचं, रेशमाला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. तिथल्या पैसेवाल्या व्यापाऱ्यांनाही थाटाची मनाई होती, तर त्यांनी वरून साधा अंगरखा घालून आत रेशमी अस्तर लावायची युक्ती काढली. आणि आपल्याकडे? सवाई माधवराव पेशव्यांचं लग्न १७८३ साली पुण्यात झालं. नाना फडणवीसांनी त्याच्या व्यवस्थेच्या बारीकसारीक याद्या केल्या. त्या लग्नाचं नाव आजही निघतं ते कौतुकानंच. केटरिंगवाल्याच्या पत्रकावर ‘पेशवाई थाट’ असं छापलेलं तुम्हीही पाहिलं असेल. त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही.

क्वचित शब्द उलटाही जातो. २०१३ च्या दुष्काळात, टँकरच्या रांगा लागलेल्या असताना, राज्यातल्या एका मंत्र्यांच्या घरच्या लग्नाचा थाट सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला आणि त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. पण असं कितीदा घडतं?

या सगळ्यात सरळ माणूस मला एकच दिसला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात भटजीविना, अगदी थोडक्या खर्चात पहिलं लग्न लावून दाखवलं. म्हणजे लग्नापायी माणूस कर्जात जाऊ नये हे त्यांना कळत होतं. पण म्हणून त्यांनी कुणब्यालाच दोषी ठरवलं नाही. १८८८ साली पुण्यात व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानाचा समारंभ होता. बडी मंडळी दागिन्यांनी मढून आली होती. फुले तिथं फाटक्या शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि त्यांनी सांगितलं की खरी रयत पाहायची तर ती अशी दिसते, या जवाहिऱ्यांवरून राणीच्या प्रजेची पारख करू नका. कृषी खात्यात काम करताना ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा आठवतो. निदान माइक हातात आल्यावर तरी.

तर मग खर्च करू द्यावा का लोकांना? असं मी म्हणत नाही. कारण १८७६ चं लग्न आणि आत्ताचं लग्न यांत एक मोठा फरक पडला आहे, आणि तो मला आमच्याच घरच्या ट्रंकेत सापडला.

ट्रंकेत आहेराच्या दोन वह्या होत्या. एक १९८४ ची, आत्याच्या लग्नातली. दुसरी २००६ ची, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नातली. १९८४ च्या वहीत रोख रक्कम फार कमी. अकरा रुपये, एकवीस रुपये, एका ठिकाणी एक्कावन्न, आणि ते आकडे ठळक काढलेले. बाकी सगळा माल. मामाकडून गव्हाचं पोतं. भावकीतून ज्वारी, कुणाची दोन पायली, कुणाची चार. लाकडाची एक गाडी. दुधाच्या तीन घागरी. एकानं पत्रावळीसाठी पळसाची पानं आणून दिली, तेही लिहिलेलं आहे. आणि ज्यांच्याकडं द्यायला काहीच नव्हतं त्यांच्या नावापुढं आजोबांनी लिहिलं आहे, ‘दोन दिवस राबला.’ टोपी-टॉवेल, लुगडं, तांब्या हे तर ओळीनं आहेच.

आता विचार करा. त्या लग्नात बुंदीची रास होती, सात-आठशे माणूस जेवलं, असं आत्या अजून अभिमानानं सांगते. साहेबाच्या नजरेनं ती उधळपट्टीच. पण त्यातली निम्मीअधिक रास आजोबांची नव्हतीच, ती वहीतली होती. आणि वही म्हणजे काय? ती गावाची बँक होती. आज तू माझ्याकडं पोतं टाक, तुझ्या पोरीच्या वेळी मी टाकीन. व्याज नाही, तारण नाही. वसुलीला कुणी दारात येत नाही, फक्त पंगतीत मान खाली जाते.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासींमध्ये पॉटलॅच नावाची रीत आहे. लग्न असो, नाव ठेवणं असो, मुखिया सगळ्यांना बोलावून घोंगड्या, भांडी, धान्य वाटून टाकतो. जो जास्त वाटतो तो मोठा, आणि घेणाऱ्यावर पुढं कधीतरी परत वाटण्याची जबाबदारी. तिथल्या सरकारला ही निव्वळ नासाडी वाटली. त्यांनी १८८४ साली कायदा करून १८८५ पासून ही रीतच बंद केली. १९२१ साली एका पॉटलॅचवरून धरपकड झाली, लोक तुरुंगात गेले, त्यांचे पिढीजात मुखवटे जप्त झाले. १९५१ साली ती बंदी कायद्यातून गळाली. आता त्यांचे काही मुखवटे त्यांना परत मिळाले आहेत. सरकारनं नासाडी पाहिली, वही पाहिली नाही.

पुन्हा ट्रंकेकडं येतो. २००६ ची वही उघडली तर धान्य जवळजवळ गेलेलं. रोख रक्कम, भिंतीवरची घड्याळं, स्टीलचे डबे, काचेच्या बशा. घड्याळंच अकरा! ती पुढं आम्ही दुसऱ्यांच्या लग्नात फिरवली, तुम्हीही फिरवली असतील. माझ्या स्वतःच्या लग्नाची, २०१६ ची, वही ट्रंकेत नव्हती. कारण पत्रिकेवरच आम्ही छापलं होतं, ‘कृपया आहेर आणू नये.’ त्या वेळी मला ते फार सुधारलेपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, त्या एका ओळीनं वडिलांच्या डोक्यावर अख्खं लग्न एकट्याचं झालं.

पंगती तेवढ्याच राहिल्या, पण पोतं गेलं, लाकडाची गाडी गेली, राबणारा भाऊबंद गेला आणि त्या प्रत्येकाच्या जागी रोकडा आला. मंगल कार्यालय, केटरर, फेटेवाला, ड्रोनवाला, लग्नाआधीचं फोटोशूट. यातला एकही जण दोन पायली ज्वारीवर येत नाही. शिवाय बिल मागतो ते लग्नाच्या दिवशी, आणि आपलं पीक तर त्या दिवशी रानात उभं असतं.

खरी मेख इथंच आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून व्याजाचा भार शून्यावर येतो, ही सोय २०२१-२२ पासून आपल्याकडं आहे. तेच पीककर्ज मांडवात गेलं की खरिपाला बियाणं-खत उधारीवर येतं. उधारीचं बियाणं म्हणजे दुकानदार देईल ते वाण. मुदतीत फेड झाली नाही की सवलत गेली, थकबाकीदार झालो, पुढचं कर्ज अडलं. मग उरतो गावातला खासगी देणारा, शेकडा तीननं. पेन्सिल घ्या. तीन लाखांवर शेकडा तीन म्हणजे महिन्याला नऊ हजार, वर्षाला एक लाख आठ हजार. तीन वर्षांत नुसत्या व्याजातच दुसरं लग्न झालं की! १८७६ च्या आयोगानं लग्नाला मूळ कारण मानलं नाही, कारण तेव्हा बियाणं-बैलाची उचल वेगळी आणि लग्न वेगळं होतं. आपण आता लग्नच बियाण्याच्या पैशात घातलं आहे.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना एक सांगायचं आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा २०१४ च्या राज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. सावकारीत लाटलेली जमीन परत मिळवायची तरतूदही त्या कायद्यात आहे. सामूहिक आणि नोंदणी विवाहासाठी शुभमंगल योजनेत अनुदान मिळतं, त्याची चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावी. फलकावर या दोन गोष्टी लिहा. ‘उधळपट्टी टाळा’ एवढंच लिहून काही होत नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनापायी सरकारनं पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम केला होता. लग्नं झाली, पोरी नांदायला गेल्या. पण निर्बंध उठल्यावर आमच्याच भागात कित्येकांनी वर्षभरानं मांडव घालून राहिलेलं जेवण घातलं. रोमवाल्यांचं जे झालं तेच.

आणि खरं सांगू? मला ते चूकही वाटलं नाही. वर्षातले साडेतीनशे दिवस भाकरी-ठेच्यावर काढणाऱ्या माणसानं एक दिवस चारचौघांना पोटभर बुंदी वाढली तर त्याचा हिशेब मागणारा मी कोण?

त्या म्हातारबांच्या नातीचं लग्न येत्या वैशाखात आहे. मागच्या आठवड्यात त्यांनीच बोलावून घेतलं. अंगणात मुलगा, सून आणि चार भाऊबंद बसलेले. आम्ही दोन तास कागद घेऊन बसलो. तारीख माघातली होती, ती उन्हाळी कांदा निघून त्याची पट्टी हातात येण्यावर ठेवली. पीककर्जाला हात लावायचा नाही असं ठरलं. डीजेवरून बापलेकांची जरा वाजली, शेवटी गावातल्याच हलगीवाल्यांना सांगायचं ठरलं. जेवणात बुंदी आणि जिलेबी दोन्ही आहेत. एक कमी करा असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, गिळलं.

मग म्हातारबांनी आतून शंभर पानी वही मागवली. पहिल्या पानावर श्री काढला. भाऊबंदांना म्हणाले, बोला. कुणी गहू बोललं, कुणी तेलाचा डबा, एकानं दोन दिवसांसाठी ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर. सगळं लिहून झाल्यावर चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. “सायेब, तुमच्या नावावर काय लिवू?”

मी म्हटलं, “हरभऱ्याची डाळ, दहा किलो.”

त्यांनी लिहिलं. मग विचारलं, “तुमचं पोरगं कितवीला हाय?”

“दुसरीला.”

“मग हाय अजून टाइम फेडायला,” असं म्हणून त्यांनी वही मिटली.